हुंकार

आवाज कुठून येतोय हे कळण्याआधी मला त्याचा स्वर कळला. पांढरी पाच, किंचित चढी.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. टेबलावर दोन स्पीकर होते, ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी घेतलेले, पोटातच अँप्लिफायर असलेले. उजवा गप्प होता. डावा मात्र एकसारखा घुमत होता. कोणी पेटीची एकच पट्टी दाबून धरावी आणि भाता हलवत राहावं तसा. मी खरंच कपाटावरची पेटी काढली, खर्जाच्या सप्तकातली पांढरी पाच दाबून पाहिली. स्पीकरचा स्वर तिच्याहून जरासा वर होता. काळी चारपर्यंत मात्र पोचत नव्हता.

ही ओळख जुनी. माझं लहानपण सांगली जिल्ह्यातल्या एका सबस्टेशनच्या क्वार्टर्समध्ये गेलं. अण्णा, माझे वडील, तिथे विद्युत मंडळाचे ऑपरेटर होते. मागच्या खिडकीतून स्विचयार्ड दिसायचं: खडीवर उभे लोखंडी सांगाडे, चॉकलेटी चिनी मातीचे इन्सुलेटर आणि मधोमध दोन अवाढव्य ट्रान्सफॉर्मर. ते अहोरात्र घुमत. आपल्या विजेला सेकंदाला ५० आवर्तनं असतात. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं पोलाद दोनदा अगदी सूक्ष्मसं ताणलं जातं आणि पुन्हा मूळ मापावर येतं, म्हणून ते सेकंदाला १०० वेळा कंप पावतं. पेटीच्या त्या पट्टीची कंपनं ९८. दोन कंपनांचं हे अंतर माझ्या कानात कोणी शिकवण्याआधीच बसलं होतं. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना त्या घुमण्यानं झोप लागायची नाही. आम्ही आजोळी गेलो की त्याच्यावाचून आम्हाला लागायची नाही.

डाव्या स्पीकरनं हा सूर धरला तेव्हा मी अण्णांच्याच कॅसेटी संगणकात उतरवून घेत होते. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत या अकरा कॅसेटी सापडल्या. अण्णा दुसऱ्या पाळीला असले की रात्री मी त्यांचा डबा घेऊन कंट्रोल रूममध्ये जायची. जेवण झालं की ते गोष्ट सांगत. डबा परत न्यायला मी थांबलेली असायची, आणि गोष्ट संपल्याशिवाय हलायची नाही. त्या गोष्टी त्यांनी टेप करून ठेवल्या होत्या. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर त्यांच्या लॉगशीटच्या अक्षरात तीन आकडे होते. एकीवर लिहिलं होतं: २१-११-८७, २०.००, ४९.२. पहिली तारीख, दुसरी वेळ. तिसरा आकडा कशाचा ते कळेना. कॅसेटचा क्रमांक म्हणावा, तर त्यात दशांशचिन्ह कशाला? दुसऱ्या एका कागदावर ४८.९ होतं, तिसऱ्यावर ४९.४. मी तो आकडा फाइलच्या नावात जसाच्या तसा टंकून ठेवला आणि पुढे गेले.

स्पीकरच्या घुमण्यात आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. टेप चालू असली की त्या सुरावर एक लाट उठायची. सेकंदाला तीनेक हेलकावे. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळता जुळता थोड्या राहिल्या की त्यांच्यातून जशी लाट येते, तशी. टेप थांबवली की लाट जायची, घुमणं राहायचं. स्पीकरच बिघडलाय, तर त्याचीच काहीतरी कुरकुर असेल, असं समजून मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

घुमण्याचं मूळ शोधणं म्हणजे वजाबाकी करत जाणं. जोडलेलं एकेक काढायचं, आणि प्रत्येक वेळी हात बाजूला घेऊन ऐकायचं. दोन गोष्टी एकदम काढल्या तर आवाज कशामुळे गेला ते कळत नाही. गेलेला आवाज मग उद्या परत येतो. मी आधी गाणं वाहून आणणारी केबल स्पीकरच्या पाठीमागून उपसली. घुमणं थांबलं नाही, पण बदललं. त्याच्यावरचा एक पातळ, किरकिरा पापुद्रा निघून गेला आणि खाली दाट, गोल सूर तसाच उरला. म्हणजे दुखणी दोन होती, एकमेकांच्या अंगावर झोपलेली.

किरकिऱ्या आवाजाचं कारण भिंतीत होतं. स्पीकर एका भिंतीवरच्या सॉकेटमध्ये होते. संगणक आणि कॅसेट डेक दुसऱ्या भिंतीवरच्या. दोन्हीकडे अर्थिंग होतं, पण दोन वाटांनी जमिनीकडे जाणारं. वर गाण्याच्या केबलच्या जाळीनं या दोन वाटा एकमेकींना बांधल्या होत्या, त्यामुळे तारांचं एक मोठं कडं तयार झालं होतं. घरभर पसरलेल्या विजेच्या प्रभावानं अशा कड्यात चोरटा प्रवाह फिरू लागतो. एका टोकाची जमीन आणि दुसऱ्या टोकाची जमीन यांत केसभर फरक पडतो. स्पीकरला तो फरक आणि गाणं यांतलं वेगळेपण कळत नाही. जे आलं ते तो मोठं करून सांगतो. मी सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणलं. मग केबल बदलून तीन पिनांची बॅलन्स्ड केबल लावली. तिच्यात एकच गाणं दोन तारांवरून जातं, एका तारेवर सुलटं, दुसरीवर उलटं. वाटेत जो कचरा चिकटतो तो दोघींना सारखाच चिकटतो. स्पीकर दोघींतला फरक तेवढा घेतो. सारखं होतं ते आपोआप वजा होतं आणि गाणं उरतं. ही युक्ती मला नेहमीच सुंदर वाटत आली आहे.

अशा वेळी सोपा म्हणून एक उपाय सुचवला जातो: प्लगची जाडी, वरची पिन काढून टाका, अर्थिंग तोडा, आवाज जाईल. आवाज जातो, हे खरं आहे. पण उद्या आत एखादी जिवंत तार सुटून पत्र्याला टेकली, तर त्या विजेला जमिनीकडे जायला माणसाच्या हाताखेरीज वाट उरत नाही. अण्णा उन्हाळ्यात रोज सकाळी बादली घेऊन स्विचयार्डच्या कडेला जात आणि सिमेंटच्या छोट्या चौकटींत पाणी ओतत. अर्थिंगचे खड्डे होते ते, मीठ आणि कोळसा घालून भरलेले. ओल राहिली तरच जमीन वीज आपल्यात घेते. मी फार लहान होते. मला वाटायचं, अण्णांनी तिथे काही पेरलंय आणि ते उगवत नाहीये. एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "उगवू नये म्हणूनच पाणी घालायचं." त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. अर्थिंगच्या पिनला मी आजवर हात लावलेला नाही.

आता उरला दाट सूर. डाव्या-उजव्या स्पीकरांच्या जागा बदलल्या, सॉकेट बदलले. सूर डाव्याबरोबरच फिरला. फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, टेबलावरचा दिवा काढला. सूर होता तसाच. आमच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. सकाळी त्यांना फोन केला. त्यांनी स्पीकर घेऊन या असं म्हटलं नाही. म्हणाले, "ताई, उघडायची घाई करू नका. आधी ऐका. व्हॉल्यूमची कळ शून्यावर नेली की हमिंग कमी होतं का?"

नेऊन पाहिली. कळ शून्यावर, सूर तेवढाच. पूर्ण फिरवली, तरी तेवढाच.

"मग गळा चांगला आहे," काका म्हणाले. "पोट बिघडलंय. घेऊन या."

कळीच्या अलीकडे दोष असता, तर कळ फिरवताना तोही लहानमोठा झाला असता. कळीला जुमानत नाही म्हणजे तो कळीच्या पलीकडून येतोय, जिथून सगळ्या यंत्राला अन्न मिळतं तिथून. एवढ्याशा परीक्षेनं त्यांनी अर्धं यंत्र बाजूला ठेवलं होतं. मला अण्णांची आठवण आली. तेही ट्रान्सफॉर्मरजवळून जाताना थबकायचे, मान तिरकी करायचे, आणि मगच कंट्रोल रूममधल्या मीटरकडे वळायचे.

काकांच्या टेबलावर पिवळा दिवा होता आणि राळेचा वास. त्यांनी मागचे आठ स्क्रू काढून एका वाटीत ठेवले. पत्रा बाहेर ओढला तशी आतली दुनिया दिसली. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची, पुढे-मागे हेलकावणारी. वाटीएवढा ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो. पुढे चार डायोडांचा पूल. तो मागे जाणाऱ्या प्रत्येक हेलकाव्याला पुढे वळवतो. त्यामुळे वीज एकाच दिशेनं वाहू लागते, पण सलग वाहत नाही. सेकंदाला १०० उसळ्या, आणि दोन उसळ्यांच्या मध्ये कोरड. अँप्लिफायरला लागते संथ, सपाट धार. ती धार करून देतात दोन कंडेन्सर.

आमच्या क्वार्टर्समध्ये नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ तासभर यायचं. बाकी सगळा दिवस गच्चीवरच्या टाकीवर चालायचा. टाकी धड असली की नळाला पाणी कधी येतं, कधी जातं, याचा स्वयंपाकघराला पत्ताही नसतो. कंडेन्सर म्हणजे विजेची टाकी. उसळी आली की भरून घ्यायचं, कोरड पडली की आपल्यातलं द्यायचं. सेकंदाला १०० वेळा. टाकी आटली की प्रत्येक उसळी आणि प्रत्येक कोरड अँप्लिफायरपर्यंत जशीच्या तशी पोचते, आणि तो ती इमानानं गाऊन दाखवतो.

काकांनी आधी रेझिस्टर लावून कंडेन्सरांमध्ये उरलेली वीज उतरवली. प्लग काढल्यावरही ती आत दबा धरून बसलेली असते. मग दिवा जवळ ओढून म्हणाले, "बघा." दोन काळे डबे, प्रत्येकावर ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. एकाचं डोकं फुगलं होतं. आतली वाफ कोंडली तर फुटावं म्हणून डोक्यावर मुद्दाम पाडलेली रेघ उकलली होती. दुसऱ्याच्या बुडाशी तपकिरी डाग. आत अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते, मध्ये द्रवात भिजलेला कागद. तो ओला आहे तोवर टाकी टाकी असते. उष्णतेनं तो सुकत जातो. साधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. या दोघांच्या अगदी शेजारी अँप्लिफायरची तापणारी जाळी होती. दहा वर्षं ते त्या झळीत उभे होते.

"एकच फुगलाय ना?" मी विचारलं.

"जोडीतला एक थकला की दुसऱ्यानं त्याचा भार घेतलेला असतो," काका म्हणाले. "दोन्ही बदलायचे."

जुन्यांवर ८५ अंशांची खूण होती. त्यांनी १०५ अंश सोसणारे नवे लावले. उलटी बाजू लागू नये म्हणून डब्यांवरची पट्टी दोनदा तपासली. कथील वितळलं, चमकलं, गोठलं. प्लग लावला. स्पीकरचा हिरवा दिवा लागला आणि काहीच ऐकू आलं नाही. मी ट्विटरला कान लावला तेव्हा दूरच्या पावसासारखी बारीक सळसळ तेवढी आली. ती प्रत्येक अँप्लिफायरला असतेच.

स्पीकर छातीशी धरून घरी येताना मी त्या दोन डब्यांचा विचार करत होते. काकांकडून ते मी मागून घेतले होते. अजून टेबलावर आहेत. दहा वर्षं या खोलीत मी ज्या शांततेत काम केलं, ती मला खोलीबरोबरच मिळाली असं मी धरून चालले होते. खरं तर ती रोज केली जात होती. प्रत्येक सेकंदाला १०० वेळा एक पोकळी यायची आणि हे दोघं ती भरून काढायचे. ते नीट काम करत होते, म्हणून त्यांचं काम मला कधी दिसलं नाही. सबस्टेशनच्या फोनवरही कोणी "आज दिवे छान लागलेत" असं सांगायला फोन करत नसे. फोन वाजायचा तो दिवे गेल्यावर. अण्णा तो उचलायचे, शांतपणे "बघतो" म्हणायचे, आणि बघायचे.

रात्री पुन्हा २१-११-८७ ची कॅसेट डेकमध्ये घातली.

आणि टेप सुरू होताच सूर परत आला.

क्षणभर पोटात खड्डा पडला. पण आता वजाबाकीची सवय लागली होती. टेप थांबवली: पूर्ण शांत. सुरू केली: सूर. डेक चालू, पण टेप न फिरणारी: शांत. म्हणजे स्पीकर निर्दोष, डेक निर्दोष. हा सूर टेपवरच होता. आणि आता मला त्या लाटेचा उलगडा झाला. एक सूर स्पीकरचा होता, एक कॅसेटमधला, आणि जवळजवळ असलेले ते दोन सूर एकमेकांवर आपटून हेलकावत होते. स्पीकर घुमत होता तोवर त्याच्या आवाजाखाली हा दुसरा सूर मला वेगळा ऐकूच आला नव्हता.

तो कंट्रोल रूमच्या उघड्या खिडकीतून आलेला ट्रान्सफॉर्मरचा असेल, किंवा टेपरेकॉर्डरला लावलेल्या बॅटरी एलिमिनेटरचा. दोघांना जोडणारी वीज एकच, म्हणून स्वरही एकच. अशा सुराची साफसफाई करायची रीत मला ठाऊक आहे. ५०, १००, १५० अशा जागांवर बारीक कात्री चालवायची, की आवाज स्वच्छ होतो. मी कात्रीची जागा नेमकी कळावी म्हणून सूर मोजला. पडद्यावर आकडा आला १०३.३.

१०० नाही, १०३.३. त्याच्या निम्मे म्हणजे ५१.६५. त्या काळी संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला आपली वीज सेकंदाला ५१ आवर्तनांवर असणं शक्यच नव्हतं. मागणी निर्मितीच्या पुढे गेली की वीजकेंद्रांतली चक्रं भारानं मंदावतात, आणि मागणीच जास्त असायची. फ्रिक्वेन्सी ५० च्या खालीच रेंगाळायची. अण्णा जेवताना ती सांगायचे, दुसऱ्या घरी पावसाचं सांगतात तशी: "आज फार उतरली होती." कंट्रोल रूममध्ये तिचं एक गोल मीटर होतं, काट्याचं. दर तासाला त्याच्याकडे बघून आकडा लॉगशीटमध्ये भरायचा असे. रात्री आठचाही.

४९.२.

मी कितीतरी वेळ फाइलच्या त्या नावाकडे बघत राहिले. २१ नोव्हेंबर १९८७, रात्रीचे आठ, ४९.२. लॉगशीट भरून झाल्यावर त्यांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं असणार, आणि कॅसेटच्या कागदावर हातानं सवयीनं तोच आकडा लिहिला असणार. तेव्हा महाराष्ट्रात, गुजरातेत, मध्य प्रदेशात एकाच जाळ्याला जोडलेली सगळी चक्रं त्या क्षणी त्या चालीनं फिरत होती. आता तर ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडल्यापासून दक्षिणही एकाच जाळ्यात आली, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देश एकाच चालीनं घुमतो, ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच अरुंद वाटेवर त्याला ठेवायचा नियम आहे. न्यायवैद्यक तज्ज्ञ ध्वनिमुद्रणात उतरलेल्या या घुमण्यातले बारीक चढउतार मोजून ते मुद्रण कोणत्या वेळचं हे पडताळतात. माझ्यासाठी ते काम अण्णांनीच करून ठेवलं होतं.

मूळ सूर ४९.२ च्या दुप्पट, म्हणजे ९८.४ असायला हवा होता. तो १०३.३ वर वाजत होता. तेव्हाचा टेपरेकॉर्डर सुस्त फिरत असणार, म्हणून आजच्या डेकवर सगळंच जवळजवळ पाच टक्के घाईनं चाललं होतं. कॅसेटी ऐकताना अण्णांचा आवाज मला बारीक, थोडा उतावळा वाटला होता. इतक्या वर्षांत आपल्या कानातलाच आवाज पुसट झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. मी चाल कमी केली. १०३.३ चा आकडा ९८.४ वर येऊन थांबेपर्यंत.

मग पहिल्यापासून लावलं.

अण्णा बोलले. त्यांच्याच आवाजात. "मग" आणि "तेव्हा" यांच्या मध्ये ते जेवढे थांबत तेवढेच थांबून, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा तो जड सूर घेऊन. गोष्ट लाकूडतोड्याची होती. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं पोर झोपलं. माझा "हं" मधूनमधून येत होता. कुऱ्हाड पाण्यात पडली, आणि तेवढ्यात फोन वाजला. खुर्ची सरकली. लांबून अण्णांचा आवाज, "बघतो." मग स्विचचा एक जड खटका. कुठल्या तरी गावाचे दिवे तेव्हा गेले असतील, आणि कुणीतरी कुणाला तरी नावं ठेवली असतील.

मी तिथे एकटी आहे, स्टुलावर, पाय लोंबकळत. गप्प बसले आहे. मी जेव्हा हुंकार देत नाही, तेव्हा त्या टेपवर तो दुसरा हुंकार तेवढा ऐकू येतो, संथ, न थांबणारा. कात्री मी चालवली नाही. पेटी अजून टेबलावरच होती. मी पांढरी पाच दाबली. दोन्ही स्वर एकमेकांत मिसळून गेले. लाट आता जवळजवळ उरली नव्हती.

मग टेपवर खुर्ची पुन्हा सरकली, आणि सात वर्षांच्या मी विचारलं, "मग?"